परत आलेल्या वाट्या

ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी मास्तर कारखान्यात कामावर आले, तेव्हा त्यांच्या टेबलावर सात पाय परत येऊन पडले होते.

प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली होती. 'टोचतो.' 'गुडघ्याखाली जखम.' 'उभं राहवत नाही.' सगळ्यात वरचा पाय शाळेत घंटा देणाऱ्या शिपायाचा होता. नवा पाय लावून तो चार दिवस ऐटीत घंटेपर्यंत चालत गेला. पाचव्या दिवशी जखम चिघळली आणि पुन्हा कुबड्या आल्या.

सातही पायांच्या वाट्या एकाच हातच्या होत्या. वाटी म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग. माणसाचा उरलेला पाय त्यात बसतो. ती केसभर चुकली तरी कातडी सोलून निघते. कारखान्यात वाट्यांचं काम अकरा वर्षं बाईंकडे होतं. सहा कामगारांत त्या एकट्याच बाई, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत.

पायांच्या शेजारी कारखाना चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांचं पत्र होतं. जबाबदार कोण ते दुपारपर्यंत लिहून कळवा, त्याला कामावरून कमी करायचं आहे.

मास्तरांनी बाईंना बोलावलं. त्या राजीनामा लिहूनच आल्या होत्या.

"डोळे तपासून घेतले मी," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. म्हणजे हातच गेला माझा. अकरा वर्षांत एक वाटी परत आली नाही, आणि आता सात! कुणाच्या पायाला आणखी इजा व्हायच्या आत मला मोकळं करा."

मास्तर गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचं सगळ्यांना कौतुक होतं. ते स्वतः शिकत होते तेव्हा त्यांच्या उस्तादांनी त्यांचा चुकलेला साचा सगळ्यांदेखत अंगणात भिरकावला होता. आपल्या हाताखालच्या माणसावर ही वेळ आणायची नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. कुणी काहीही करून आणलं की ते "छान" म्हणत आणि ठेवून घेत. "इथे कामाला येणं म्हणजे माहेरपणाला येणं," असं पट्टे शिवणारा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "साहेब असावा तर असा."

आताही राजीनामा ठेवून घेतला असता, तर प्रश्न मिटला असता. बाई हाताला दोष देत घरी गेल्या असत्या.

"हात गेला नाही तुमचा," मास्तर म्हणाले. "तुमच्या वाटीची डावी कड आत येते. पहिल्या दिवसापासून येते. मी सकाळी सहाला येऊन ती घासून सारखी करायचो."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

बाई स्टुलावर बसल्या. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की! एक दिवस रडले असते, दुसऱ्या दिवशी शिकले असते. तुम्ही मला छान छान म्हणून अकरा वर्षं अडाणी ठेवलंत, मास्तर."

बाहेर यंत्रं थांबली होती. सगळ्यांनी ऐकलं. पट्टे शिवणाऱ्याने नुकताच शिवलेला पट्टा उचलला आणि तो उलटसुलट करून बघू लागला.

मास्तरांनी बाईंचा राजीनामा फाडला. सचिवांना दोनच ओळी लिहिल्या: चूक माझी आहे. बाईंना कमी करू नये.

आठ दिवसांत मास्तरांची खुर्ची साचे ओतणाऱ्याला मिळाली. मास्तरांना खिडकीजवळचं शेवटचं बाक मिळालं. कुणी त्यांना टाकून बोललं नाही. पण पूर्वी जेवायच्या सुट्टीत सगळे आपापली स्टुलं त्यांच्या टेबलाभोवती ओढून आणत, ती आता दुसऱ्या टोकाला जाऊ लागली. मास्तर बाकावर डबा उघडत, निम्मा खात आणि झाकण लावत.

बाई मात्र रोज दहा वाजता वाटी घेऊन बाकाशी येत. फक्त कामापुरतं बोलत. मास्तर त्यांचं बोट धरून आतल्या कडेवरून फिरवत. "इथे. लागलं हाताला?" पहिल्या दिवशी लागलं नाही. चौथ्या दिवशी बाई नळावर जाऊन रडल्या आणि तोंड धुऊन परत आल्या. नवव्या दिवशी मास्तरांनी विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "इथे."

सतराव्या दिवशी शिपाई आला. त्याची वाटी बाईंनी एकटीने केली होती, मास्तरांनी कानस लावली नव्हती. शिपायाने अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. सगळे दारात उभे राहून बघत होते.

"टोचतं?" बाईंनी विचारलं.

"कुठे काय!" तो म्हणाला आणि चौथ्या फेरीला निघाला.

पट्टे शिवणाऱ्याने टाळ्या वाजवल्या. बाईंनी मागे वळून पाहिलं. मास्तर दारात नव्हते. ते आत आपल्या बाकावर बसून कानस पुसत होते. बाई आत गेल्या. बऱ्याच दिवसांनी त्या बाकाशेजारी कुणीतरी स्टूल ओढलं.

"सोळा दिवस लागले," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वीही इतकेच लागले असते ना?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाहीत, हे काही खरं नव्हे."

मास्तरांनी कानस खाली ठेवली. बाहेर शिपायाला कुणीतरी "आता पुरे, दमशील!" म्हणत होतं आणि सगळे हसत होते.

"घरी कुणी नसतं, बाई," ते म्हणाले. "तुम्ही शिकला असतात, तर सकाळी सहाला मी कुठे गेलो असतो?"