गोदारंगची मूळ कृती

नेपाळपासून केनियापर्यंत अकरा देशांत तयार होणाऱ्या 'गोदारंग' या शीतपेयाचा जन्म तीर्थपुरीत, कचरूच्या घरातल्या मागच्या खोलीत झाला. ही गोष्ट कचरूला सोडून जगात कुणालाही ठाऊक नव्हती.

जगाला ठाऊक होतं ते बाटलीवर छापलेलं : 'मूळ कृती – अप्पाराव, तीर्थपुरी.' शेजारी अप्पारावांचा फेट्यातला फोटो. हे अप्पाराव मुळात कचरूच्या वडिलांच्या, रामरावांच्या, गोळीसोड्याच्या गाडीवर कामाला होते. पुढं त्यांनी स्वतःचं दुकान काढलं, त्यांच्या मुलानं, कल्याणनं, जालन्यात कारखाना टाकला, मुंबईच्या एका बड्या कंपनीनं त्यात निम्मी मालकी घेतली आणि अप्पाराव मेल्यानंतर अकरा देशांत पोचले. कचरू अजून तीर्थपुरीच्या स्टँडवरच सोडा फोडत होता.

रोज दुपारी तो एक गोदारंग प्यायचा. चोरी ओळखायला.

"तीच चव," तो बायकोला म्हणायचा. "माझ्या बापाची."

"मंग रोज कशाला तपासून राह्यले?" वंदना विचारायची. "बदलून जाती का?"

कचरूनं लहानपणी स्वतः पाहिलं होतं. नवा माल करायचा असला की रामराव आणि अप्पाराव मागच्या खोलीत जायचे, आतून कडी लावायचे आणि मग मापांची कुजबुज सुरू व्हायची. आत जायची मुभा फक्त बाटल्या धुणाऱ्या आईला, सगुणाबाईला. ती अजून होती. ऐंशीची, पण बोलायला खणखणीत.

नव्या प्लांटच्या उद्घाटनाला कल्याणनं मायलेकांसाठी गाडी पाठवली. कचरूनं ती रिकामी परत पाठवली आणि आईला एसटीनं नेलं.

भाषणं चालू असतानाच तो मांडवात उभा राहिला.

"कल्याण, बापाचा फोटो उतरव! कृती रामरावांची हाय. तुझा बाप आमच्याकडं नोकर व्हता, नोकर!"

माणसं धावली. कल्याणनं त्यांना हातानं थांबवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो खाली उतरून म्हातारीपाशी बसला.

"काकू, तुम्ही सांगाल ते नाव उद्यापासून बाटलीवर छापतो. अकरा देशांत. कडी लावून कोण कुणाला मापं सांगायचं?"

कचरूनं माईक आईच्या तोंडाशी धरला. "सांग, आई. बिलकुल घाबरू नको."

"अप्पाराव सांगायचा," सगुणाबाई म्हणाली.

कल्याणनं डोळे मिटले.

"कचरूच्या बापाला वाचता येत न्हवतं. चारचौघांत लाज वाटायची, म्हणून कडी. इसेन्सच्या डब्यावर समदी मापं छापलेली असायची, तेवढी अप्पाराव वाचून दाखवायचा."

"कुठला डबा, काकू?"

"जालन्याच्या बाजारातला. समद्याच सोडावाल्यांकडं व्हता."