मापाची टेप

म्हाताऱ्या सुताराची पाच मीटरची पोलादी मापाची टेप सकाळपासून गायब होती. ती गच्चीवर सुनेच्या हातात सापडली, तुकडे करून प्लास्टिकच्या पाइपवर आडवी बांधलेली. "अगं, खांडोळी केलीस की तिची!" "बाबा, ही अँटेना आहे. डोक्यावरून उपग्रह चाललाय, त्याच्यामार्फत लांबच्यांशी बोलायला दहाच मिनिटं मिळणार. ओरडायचं ते नंतर!" तिच्या दुतर्फी बोलायच्या रेडिओतून नुसती खरखर येत होती. "खड्ड्यात गेला उपग्रह!" म्हणत सुताराने पाइप ओढला. ओढाओढीत तो तिरका झाला आणि खरखरीतून एका बाईचा स्वच्छ आवाज आला. "तसाच धरून ठेवा, बाबा! हलू नका!" सून किंचाळली. सुतार पुतळ्यासारखा उभा राहिला. उपग्रह मावळेपर्यंत दोघी बोलत राहिल्या. "कुठली गं ती?" त्याने हळूच विचारलं. "दोन हजार किलोमीटरवरची." सुताराने जिन्यातून बायकोला हाक मारली, "अगं, ती आठ मीटरची टेप पाठव वर!"