भानावर

सिस्टरचा ओठ फुटून टम्म सुजला होता. रबरी हातमोज्यात बर्फ भरून तिने गालाला धरला होता. वॉर्डातल्या टेबलाशी हवालदार पेनाचं टोपण काढून बसला होता.

"एकच सांगा," तो म्हणाला. "पेशंटने मारलं तेव्हा तो भानावर होता का? नव्हता, तर मी निघालो. होता, तर गुन्हा."

"कसला भानावर," इन्चार्ज बाईंनी परस्पर सांगून टाकलं. "ताप फणफणला होता. सुई टोचली आणि हात उठला त्याचा." मग आवाज खाली आणून सिस्टरला म्हणाल्या, "अगं, तुझी नोकरी अजून कायम नाही. कोर्टाच्या चकरा मारशील की ड्यूटी करशील?"

"हां, तापच," मावशी फरशी पुसता पुसता बोलली. "मागे मला लाथ बसली, तेव्हापण तापच होता. आपल्याला मारतानाच बरा चढतो सगळ्यांना."

"तू गप गं."

"गपच आहे. दात पडलाय, बोलताना हवा जाते."

सिस्टरने बर्फ गालावरून ओठावर सरकवला. ताप होता, हे खरं. मारताना तो सरळ तिच्या डोळ्यात बघत होता, हेही खरं. तापातल्या माणसामागे पोलीस लावले तर तिला झोप लागली नसती. सोडून द्यावं, तर उद्या परत त्याच कॉटपाशी उभं राहायचं होतं.

"थांबा जरा," ती हवालदाराला म्हणाली आणि बर्फाचा हातमोजा टेबलावर ठेवून उठली.

चार पावलांवर, खिडकीजवळच्या कॉटवर तो पेशंट पडला होता. ताप उतरला होता. डोकं ठिकाणावर आहे का बघायला सगळ्याच पेशंटना विचारतात, ते तिने त्यालाही विचारलं.

"नाव काय तुमचं?"

त्याने आडनावासकट सांगितलं.

"आत्ता कुठे आहात?"

"दवाखान्यात."

"वार कोणता?"

"गुरुवार."

"सकाळी काय झालं, आठवतं?"

त्याने तोंड भिंतीकडे केलं. "सुई दुखली. उठला हात."

"त्याच्या आधी डॉक्टरांनी दोनदा टोचली होती. शीर सापडत नव्हती त्यांना. तेव्हा नाही उठला."

तो वळून तिच्याकडे बघतच राहिला, जसा काही तिलाच ताप चढलाय.

"डॉक्टरांवर कसा उठेल?"

मावशीचं फडकं जागच्या जागी थांबलं. इन्चार्ज बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सिस्टरने त्याच्या मनगटावरची सुटत आलेली पट्टी दाबून चिकटवली. हात हलला तर सुई ओढली जाऊ नये म्हणून सलाइनची नळी थोडी सैल सोडली. मग तिथूनच, मान न वळवता, ती हवालदाराला म्हणाली,

"लिहा."