तिसऱ्यांदा नापास

गाडी पुन्हा नापास झाली, हे ऊर्मिलाला तपासणी केंद्राच्या काचेतूनच कळलं. तिचा नवरा सत्यजित कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि प्रूफर, म्हणजे गाड्या तपासणारा तो उंच माणूस, टॉर्च विझवून मान हलवत होता. ती खुर्चीवरून उठली आणि शेडमध्ये गेली.

"हे बघा," प्रूफरने वर उचललेल्या गाडीच्या पोटाखाली बोट दाखवलं. सायलेन्सर ज्या रबरी कडीला लटकतो, तिला एक चीर गेली होती. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं तरच दिसावी, एवढी.

"ही गेल्या खेपेलाही असणार," सत्यजित जर्मनमध्ये म्हणाला. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"गेल्या खेपेला माझा सहकारी होता."

पहिल्या खेपेला दिव्यांचा झोत जरा वर जात होता. तो खाली आणला, तर दुसऱ्या खेपेला ब्रेकचा पाइप जुना निघाला. तो बदलला, तर आता ही चीर. युरो यायच्या कितीतरी आधी, जर्मनीत मार्क हे जुनं चलन होतं तेव्हाची गाडी. म्हातारी झाली होती हे खरं. पण म्हातारीची काय ती दुखणी एकदाच सांगावीत, दर वेळी नवं काढू नये. सत्यजित स्वतः गिअरबॉक्सचा इंजिनिअर. डार्मश्टाटच्या त्याच्या ऑफिसात त्याच्या शब्दाला वजन होतं. इथे मात्र तिसऱ्या वाक्यालाच त्याच्या जर्मनला धाप लागली.

"आल्झो, म्हणजे," तो म्हणाला, "हे काही... हे बरोबर नाही."

प्रूफरने खांदे उडवले. माणूस दुष्ट नव्हता. त्याला जेवायला जायचं होतं.

ऊर्मिलाला राग यायला हवा होता, तो काही आला नाही. तिला नुसता शीण आला. ओडनवाल्डच्या बाजूला, डोंगरातल्या एका गावात, औषधांच्या लॅबमध्ये तिला नोकरी मिळत होती. सोमवारपासून सकाळी सहाची शिफ्ट, आणि त्या गावाला जाणारी पहिली बसच मुळी आठची. येता की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवा, असं लॅबच्या फ्राउ क्लाइन, म्हणजे क्लाइनबाईंनी बजावलं होतं. त्यावर सत्यजितचं एकच पालुपद होतं, "गाडी पास होऊ दे, मग बघू."

गाडी पास झाली असती तरी 'मग बघू' संपणार नव्हतं, हे ऊर्मिलाला ठाऊक होतं. तिला लायसन्स मिळून दीड वर्ष झालं होतं, तेही पहिल्या फटक्यात. सत्यजितला दोन खेपा लागल्या होत्या. तो विषय घरात निघत नसे. तरी गाडी एकटीच्या हाती म्हणून कधी आली नाही. आधी तिचा क्लच नीट सुटत नव्हता. क्लच जमला, तर ती आरशात कमी बघत होती. आरशाची सवय झाली, तर पार्किंग वाकडं होत होतं. पार्किंगही सरळ व्हायला लागलं, तेव्हा तो म्हणाला होता, "बाकी ठीक आहे गं, पण तुझा कॉन्फिडन्स दिसत नाही."

प्रूफरने गाडी खाली घेतली आणि किल्ली सत्यजितच्या हातात दिली. "महिन्याभरात रबर बदला आणि पुन्हा दाखवायला आणा."

"आणि तोपर्यंत?" ऊर्मिलाने विचारलं.

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "तोपर्यंत चालवा की. ब्रेक चांगले आहेत, दिवे चांगले आहेत."

गाडी बाहेरच्या आवारात आणून लावली, इंजिन बंद केलं, आणि सत्यजित उतरून मराठीत सुटला. मराठीत त्याला धाप लागत नसे.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! अगं, याला पास करायचंच नाहीये. आधी मनात ठरवून बसलाय आणि मग कारणं शोधतोय. दर वेळी नवं खुसपट! अरे, काय काय खोट आहे ती एकदाच सांगून टाक ना. माणसाने सुधारत बसायचं तरी कुठवर?"

ऊर्मिला ऐकत राहिली. गेलं दीड वर्ष तिला हेच म्हणायचं होतं, पण इतकं नेमकं तिला कधी बोलता आलं नव्हतं. तिला हसू आलं नाही. दमलेल्या माणसाला टेकायला भिंत सापडावी, तसं मात्र वाटलं. तिने पर्समधून फोन काढला आणि बटणं दाबली.

"हो, फ्राउ क्लाइन. सोमवारी येते. गेनाऊ, बरोबर सहाला."

सत्यजित बोलायचा थांबला. "काय सांगितलंस तू तिला?"

"येते म्हणून."

"अगं, कशी जाणार आहेस? आत्ता तुझ्यासमोर गाडी नापास झाली ना?"

"झाली," ती म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, मग गाडीकडे. "हे बघ ऊर्मिला, तो डोंगरातला रस्ता आहे. पहाटेचा अंधार असतो. तुला अजून जरा..."

"या लोकांनी तीन वेळा नापास केली, सत्यजित," ऊर्मिला म्हणाली. "पण चालवू नका, असं एकदाही म्हणाले नाहीत."