सौजन्य : भाऊ

मंडळाच्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी गौतमने महिनाभर डोक्याचा भुगा करून घेतला होता. तुटपुंजं बजेट. सगळं प्रोसेसरवर उधळलं, तर गेम ज्याच्या जिवावर चालतात ते ग्राफिक्स कार्ड रडकं येणार. म्हणून दोन्ही अगदी तोलून निवडली. आणि काळाचौकीच्या ऑफिसात तो कॉम्प्युटर अर्ध्या तासात तापून बंद!

"तूच काहीतरी फालतू घातलंस," अध्यक्ष गुणाजीकाका गुरगुरले.

गौतमने वाकून पाहिलं. हवा आत जायच्या जाळीवर, हात जोडून हसणाऱ्या देणगीदार भाऊंचा स्टिकर. कडेपासून कडेपर्यंत.

"काका, हा काढा. हवाच जात नाहीये, कार्ड तापतंय."

"भाऊंचा फोटो काढू? येडा झालास काय? कार्ड तापतंय ना, मग कार्ड काढ."