एक्केचाळीस मीटर

"एक्केचाळीस मीटर," फितीवरचा आकडा मोजणीला आलेल्या सरकारी मॅडमनी वाचला. "भरतीच्या रेषेपासून पन्नासच्या आत येतं, काका. किनाऱ्यालगत नव्या बांधकामाला परवानगी नाही. घराला लागून संडास नाही बांधता येणार."

दाजी मेथरांच्या अर्जावरची ही तिसरी मोजणी होती. वडिलांनी घर बांधलं तेव्हा भरतीचं पाणी सुरूच्या झाडांच्या रांगेपलीकडे थांबायचं. आता सुरू पाण्यात उभे होते.

"घर होता थंयच आसा, मॅडम. दर्या फुडे इलो. त्येका नोटीस धाडा." पहिल्या मोजणीला हेच बोलताना त्यांचा आवाज चढला होता. आज तो जेमतेम ओठांबाहेर आला.

मॅडम ओसरीवर बसलेल्या दाजींच्या बायकोशी, अनसूयाशी, संकोचून काहीतरी कुजबुजल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या अनसूयानं मागच्या चढावरच्या संडासाकडे बोट दाखवलं. "सांभाळून गो बाय, पायऱ्यांक शेवाळ आसा."

परतल्या तेव्हा मॅडमचा तळवा खरचटलेला होता. दाजींना उगाच आशा वाटली. मॅडमनी बराच वेळ पेन कागदावर नुसतं टेकवून ठेवलं आणि मग 'नामंजूर' लिहिलं.

अनसूयानं तांब्या पुढे केला. "पाणी तरी घे."

"नको, काकू. फिरतीवर मी पाणी पीतच नाही. मग जायचं कुठे, हा प्रश्न असतो."

"मिया पण दुपारनंतर पिणंय नाय," अनसूया सहज म्हणाली.

ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलं होतं. तिचं हे पाणी टाळणं दाजींना आज कळत होतं.