तपासणाऱ्याची सही

भिंतीवर तिनं लावलेल्या तक्त्यात दोनच आकडे ठळक होते. विमानाच्या पंखातल्या फासळ्यांचं वजन, आखणीच्या जुन्या पद्धतीनं एकेचाळीस किलो. नव्या पद्धतीनं अडतीस. अगदी खाली, बारीक अक्षरांत, दोन्ही पद्धतींना कॉम्प्युटरवर लागलेला वेळ. तिथवर कुणाची नजर जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

“तीन किलो!” साहेब खुर्चीतच उडाले. “काका, मग तुमच्या पद्धतीला नारळ द्यायचा ना?”

सगळे हसले. काकाही हसले. वीस वर्षं विमानातला एकेक ग्रॅम खरवडून काढणाऱ्या या माणसाला अख्खं ऑफिस ग्रॅमकाका म्हणायचं. जुनी पद्धत त्यांची. नवी तिची; पण हलकं आणि मजबूत यांचा मेळ कसा घालायचा, हे तिला शिकवलं त्यांनीच.

“द्या की,” ते म्हणाले. “पोरगी पुढे गेली, माझी कसली हरकत?”

तिची मान वर होईना. आपल्या पद्धतीला तिनं चाळीस वेगवेगळ्या आराखड्यांपासून सुरुवात करू दिली होती आणि त्यातलं सगळ्यांत हलकं उत्तर उचललं होतं. काकांच्या पद्धतीला एकाच आराखड्यावर सोडलं होतं. तक्त्यात खोटा आकडा एकही नव्हता. कालपासून ती स्वतःला हेच बजावत होती.

साहेब सहीचा कागद टेबलावर ठेवून गेले. पाठोपाठ खोली रिकामी झाली. ‘काम करणारा’ या रकान्यात तिची सही होती, ‘तपासणारा’ कोरा. काकांनी खिशातलं पेन काढलं आणि वाकून कागदावर टेकवलं.

“तू केलेलं काम. त्यात तपासायचं काय?”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“काका, थांबा.” तिनं तक्त्याकडे बोट केलं. “तुमच्या पद्धतीला मी एकच संधी दिली. माझ्या पद्धतीला चाळीस.”

काकांनी मान वर केली नाही.

“बारा मिनिटं आणि नऊ तास,” ते हळूच म्हणाले. “मी तक्त्यातली शेवटची ओळ आधी वाचतो गं.”

तिनं कागदाकडे पाहिलं. पेनाचं टोपण त्यांनी काढलंच नव्हतं.